मदिनेचे जुने रेल्वे स्टेशन: चंद्यातून उभी राहिलेली अमानत

हज-उमऱ्याला गेलेले आपले लोक मदिनेत मस्जिद-ए-नबवी, कुबा, उहुद पाहून येतात. पण मस्जिद-ए-नबवीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, अंबरिया भागात, एक जुनी दगडी इमारत आहे. शेजारी दोन मिनारांची मशीद. हे हिजाज रेल्वेचे शेवटचे स्टेशन. आज तिथे संग्रहालय आहे.

त्या काळी दमास्कसहून मदिनेला यायला उंटांच्या काफिल्याला साधारण 40 दिवस लागायचे. पाणी कमी, वाटेत लुटालूट. 1900 मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी इथे रेल्वे बांधायचे जाहीर केले. हाजींची सोय हा हेतू होताच. पण दूरच्या हिजाजपर्यंत फौज लवकर पोहोचावी, हाही होता.

युरोपातल्या बँकांचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरले. मग पैसा कुठून आला? जगभरातल्या मुसलमानांनी चंदा दिला. सरकारी नोकरांचा पगार कापला गेला, खास तिकिटे छापली गेली, कुर्बानीची कातडी विकून आलेली रक्कमही यात गेली. हिंदुस्थानातूनही पैसे गेले. खरं तर मुंबईहून निघणारे आपले हाजी जहाजाने जेद्दाला उतरायचे, म्हणजे या गाडीचा त्यांना थेट फायदा कमीच. तरी लोकांनी दिले.

मुख्य इंजिनिअर जर्मनीचे माइस्नर होते. पण अल-उलाच्या पुढे मदिनेपर्यंतचे काम मुस्लिम इंजिनिअरांनी केले, कारण हरमच्या हद्दीकडे गैरमुस्लिमांना नेता येत नव्हते. मजुरी बहुतांश उस्मानी सैनिकांनी केली. सुमारे 1,300 किलोमीटरचा मार्ग पुरा झाला आणि 1 सप्टेंबर 1908 रोजी मदिनेत उद्घाटन झाले. 40 दिवसांचा प्रवास तीन-चार दिवसांवर आला.

पण सगळेच खूश नव्हते. उंट भाड्याने देणाऱ्या बदू कबिल्यांची रोजी बुडणार होती. त्यांचा आणि मक्केच्या शरीफांचा विरोध असल्यामुळे रूळ मक्केपर्यंत कधी गेलेच नाहीत.

नंतर पहिले महायुद्ध आले. 1916 मध्ये अरबांचा उठाव झाला आणि रूळ, पूल सुरुंगाने उडवले जाऊ लागले. मदिनेला वेढा पडला. उस्मानी सेनापती फखरी पाशा यांनी शहरातल्या बऱ्याच रहिवाशांना याच गाड्यांत बसवून उत्तरेकडे पाठवले. किती घरे विस्कटली! जी गाडी हाजींना आणायला बांधली, तीच मदिनेच्या लोकांना मदिनेतून घेऊन गेली. पाशांनी जानेवारी 1919 मध्ये शहर सोडले. त्यानंतर काही वर्षांतच मदिनेकडची वाहतूक कायमची थांबली. 1960 च्या दशकात दुरुस्तीचा प्रयत्न झाला, तोही अर्धवट राहिला.

ही रेल्वे मुसलमानांच्या चंद्याची, म्हणजे वक्फ आहे, हा मुद्दा 1923 च्या लोझान परिषदेतही निघाला. पण तोवर तिचा मार्ग वेगवेगळ्या राजवटींत वाटला गेला होता. देणाऱ्यांची नियत साफ होती. राखणाऱ्यांची एकी राहिली नाही. समाजाच्या पैशाने काही उभे करताना आपणही हे लक्षात ठेवायला हवे.

2018 पासून मक्का-मदिना हरमैन एक्सप्रेस धावते. तिचे स्टेशन वेगळे, नवे आहे. पुढच्या वेळी मदिनेला गेलात, तर थोडा वेळ काढून जुने स्टेशनही पाहून या. कोण जाणे, आपल्याच एखाद्या पणजोबांचा एखादा आणा त्या दगडांत असेल.