मुद्दाम आजारी ठेवलेले शेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालो की वाटेत बदनापूर लागते. तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘बीडीएन’ ही अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. बीडीएन-२, बीडीएन-७०८, बीडीएन-७११ या वाणांच्या नावातली ही अक्षरे म्हणजे आपले बदनापूरच.

माझे वडील तूर पेरायचे. फुलोऱ्यात आलेले हिरवेगार झाड बघता बघता उभ्या उभ्या वाळायचे. शेतकरी या रोगाला ‘मर’ म्हणतात. वडील झाड उपटून बुंधा चिरायचे आणि आतली काळपट रेघ दाखवायचे. पुढे मी जीवशास्त्र शिकलो, तेव्हा कळले की जमिनीतली एक बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. पाऊस भरपूर असला तरी झाड तहानेने मरते.

काही वर्षे मी शिकवले आणि नोकरीची शेवटची वर्षे दिल्लीत एका सरकारी विभागाचा प्रमुख म्हणून काढली. गावी आलो की लोक विचारायचे, ‘साहेब, तुम्ही नेमका कशाचा शोध लावला?’ खरे उत्तर होते, कशाचाच नाही. शोध लावणाऱ्यांना जे जे लागते ते उभे करण्यासाठी पैसा देणे, हे माझ्या विभागाचे काम होते. शेतकऱ्याला लगेच समजेल असे सांगतो. बियाणे आणि खत हा एका हंगामाचा खर्च. विहीर, बांध, पाइपलाइन हा पिढीचा खर्च. संशोधनातही असेच दोन खर्च असतात. एका प्रकल्पाला तीन वर्षांचे पैसे देणारे पुष्कळ असतात. विहिरीचे पैसे देणारा कुणीतरी वेगळा लागतो.

जीवशास्त्रातली ही ‘विहीर’ म्हणजे काय? महागडी यंत्रे तर आलीच. पण त्याहून महत्त्वाचे असतात ते साठे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी जिवंत जतन केलेल्या आहेत आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना त्या तिथून मिळतात. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो ही दिल्लीची संस्था देशभरातल्या पिकांचे वाण गोळा करून उणे १८ अंश तापमानात जपते. तिचे एक केंद्र आपल्या अकोल्यात आहे. केंद्र सरकारने १९८६ साली जैवतंत्रज्ञानासाठी वेगळा विभाग काढला. २००० साली विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘फिस्ट’ नावाची योजना सुरू केली आणि विद्यापीठांच्या विज्ञान विभागांना उपकरणांसाठी मदत मिळू लागली. अमेरिकेतही नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये जैविक पायाभूत सुविधांसाठी स्वतंत्र विभाग काढण्यात आला होता. म्हणजे ही गरज सगळीकडची आहे.

अशा विभागाच्या प्रमुखाचा दिवस कसा जातो? प्रस्ताव येतात. तज्ज्ञांची समिती ते वाचते. काही ठिकाणी पाहणी होते. मग अर्थखात्याची माणसे एकेका आकड्यावर बोट ठेवतात. समिती शिफारस करते, पण शेवटची टिपणी प्रमुखाला लिहावी लागते. आणि दहा चांगल्या प्रस्तावांतून पैसे तिघांनाच मिळणार असतील, तर ती टिपणी सात चांगल्या माणसांना नकार देणारी असते.

असाच एक नकार माझ्या मनात अजून सलतो. एका संस्थेने दोन मागण्या केल्या होत्या. एक, नवे मोठे यंत्र. दुसरी, जुन्या शीतपेटीसाठी जनरेटर आणि ती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार. त्या शीतपेटीत डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतून वेगळे काढलेले जिवाणू होते. कितीतरी वर्षे गावोगाव हिंडून केलेला तो संग्रह होता. यंत्र हा भांडवली खर्च, तो नियमात बसत होता. पगार हा दरवर्षीचा खर्च, तो बसत नव्हता. मी यंत्र मंजूर केले आणि दुसऱ्या मागणीपुढे ‘संस्थेने स्वतःच्या निधीतून करावे’ असे लिहिले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते.

पुढच्या मे महिन्यात, सुट्टीच्या दिवसांत, तिथली वीज गेली. पाहायला कुणी नव्हते. चौथ्या दिवशी दार उघडले, तेव्हा आत नुसते कोमट पाणी होते. बहुतेक जिवाणू पुन्हा वाढलेच नाहीत. यंत्र बिघडले तर दुसरे घेता येते. पण ज्या शेतांतून ते जिवाणू आणले होते, त्यांतल्या काही शेतांवर तोवर घरे उभी राहिली होती.

त्या वर्षी दिवाळीला गावी आलो, तेव्हा बदनापूरच्या केंद्रात गेलो. तिथे मी एक शेत पाहिले. ते मुद्दाम आजारी ठेवलेले होते! मरची बुरशी त्या मातीत जपलेली होती. अशा शेतात नव्या वाणांच्या ओळींमध्ये, मरला हमखास बळी पडणारा एक वाण लावतात. तो वाळला तर परीक्षा खरी. त्याच्या शेजारी जो हिरवा उभा राहील, तो वाण पुढे जाण्यालायक. हे शेत दरवर्षी राखावे लागते. रोगट झाडांचे अवशेष त्याच मातीत परत घालावे लागतात. मध्येच ज्वारी घेतली, दोन-तीन वर्षे खंड पडला, तर बुरशी कमी होते आणि परीक्षेचा कस जातो.

त्या शेतात ना चकचकीत यंत्र होते, ना उद्घाटनाची कोनशिला. होता तो एक पिढ्यान्‌पिढ्या न मोडलेला नेम. मला वाटले, मी दिल्लीत ज्याला पैसे नाकारले ते हेच.

कुणी म्हणेल, हे खाजगी कंपन्या करतील की! जालना तर बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण कंपनी बियाणे विकू शकते, आजारी माती कोण विकत घेणार? तिचा उपयोग सगळ्यांना, आणि मोबदला कुणाकडूनच नाही. अशा गोष्टी सरकारनेच सांभाळायच्या असतात.

दिल्लीला परतल्यावर मी प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारू लागलो. वीज गेली तर काय? सांभाळणारा माणूस कोण? आणि दहाव्या वर्षी खर्च कोण करणार? उत्तर नसेल, तर यंत्राची रक्कम कापून देखभालीसाठी ठेवायला सांगत असे. पुष्कळ जण नाराज झाले. नियम पुरते बदलणे मला जमले नाही, पण थोडी वाट झाली.

तुमच्या गावात, तालुक्यात एखाद्या नव्या प्रयोगशाळेची फीत कापली जाईल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. नंतर मात्र तिथल्या साहेबांना हे तीन प्रश्न विचारा. विहीर खणल्याचे पेढे सगळेच वाटतात. गाळ कोण काढणार, ते त्याच दिवशी ठरवलेले बरे.