रात्रभर चालतो, सकाळी अडतो (लेखांक ९)

भार आल्यावर प्रोसेसरचं व्होल्टेज किती उतरू द्यायचं हे ठरवणाऱ्या लोडलाइनवर आज लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मागच्या लेखांकानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली आणि तिला सवडीने उत्तर द्यायला हवं. ओव्हरक्लॉक केलेला पीसी रात्रभर स्ट्रेस टेस्ट बिनतक्रार पार पाडतो. सकाळी बटण दाबलं की मात्र पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. बंद करून पुन्हा चालू केला की तोच पीसी दिवसभर सुरळीत चालतो. टेस्ट पास झाली, म्हणजे ओव्हरक्लॉक निर्दोष. तेव्हा दोष एसएमपीएसचा किंवा मदरबोर्डचा असणार, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला आहे. मला तो मान्य नाही. रात्रीची टेस्ट आणि सकाळची सुरुवात या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि पहिलीतलं यश दुसरीत उपयोगी पडत नाही.

बटण दाबल्यापासून लोगो दिसेपर्यंत बायोस जी कामं करतं, त्यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे मेमरी ट्रेनिंग. डीडीआर५ रॅम सेकंदाला ६००० मेगाट्रान्सफरच्या वेगाने चालते तेव्हा एका बिटच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो. डीडीआर३पासून क्लॉकचा सिग्नल स्टिकवरच्या एकेका चिपला ओलांडत पुढे जातो, त्यामुळे प्रत्येक चिपची वेळ थोडी निराळी असते. म्हणून मेमरी कंट्रोलर ठराविक नमुने लिहून आणि वाचून पाहतो, प्रत्येक रेषेसाठी किती उशीर आणि किती संदर्भ-व्होल्टेज धरलं तर बिट अचूक वाचता येतो ते शोधतो आणि त्या खिडकीच्या मध्यावर स्थिर होतो. ४८०० या मूळ वेगाला बिटला २०८ पिकोसेकंद मिळतात, तेव्हा चार पिकोसेकंद इकडे-तिकडे झाले तरी चालतं. ६०००ला ती मोकळीक आक्रसते. शिवाय हे मोजमाप त्या क्षणीच्या तापमानाला आणि व्होल्टेजला होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर किंचित बदलतं. एखाद्या दिवशी कंट्रोलर मध्यावर बसतो, एखाद्या दिवशी कडेला, आणि कधी खिडकीच सापडत नाही. मग स्क्रीन काळी राहते. आठ तासांची स्ट्रेस टेस्ट म्हणजे एकाच ट्रेनिंगच्या उत्तराची आठ तास तपासणी. उद्या सकाळी येणाऱ्या नव्या उत्तराबद्दल ती काहीही सांगू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वेग मनाने वाढवलेला नाही, कंपनीने दिलेला एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलच चालू केला आहे. पण तो प्रोफाइल साठवलेला असतो रॅमच्या स्टिकवर, आणि हमी असते ती त्या स्टिकची. कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, रेषा मदरबोर्डवर असतात. तुमच्या हाती आलेल्या या दोघांना तो वेग झेपेल, असं रॅमवाल्याने तपासलेलं नसतं. इंटेलने २००७मध्ये एक्सएमपी आणलं, एएमडीने २०२२मध्ये रायझन ७०००सोबत एक्स्पो. दोन्ही कंपन्या या प्रोफाइलला ओव्हरक्लॉकिंगच मानतात. रायझन ७०००साठी एएमडीचा स्वतःचा आकडा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. चारही खाचा भरून ६०००चा प्रोफाइल लावणाऱ्याने आपण किती पुढे आलो आहोत, ते या आकड्यांवरून ओळखावं.

मग ट्रेनिंगच टाळलं तर? एएमडीच्या एएम५ बोर्डांवर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाची सोय त्यासाठीच आहे. मागचं उत्तर जपून ठेवायचं आणि तेच पुन्हा वापरायचं. पीसी लवकर सुरू होतो खरा, पण गरम कॅबिनेटमध्ये काढलेलं उत्तर निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे बरोबर येईलच असं नाही. दोष शोधताना ही सोय बंद ठेवावी. बंद ठेवली की लोगो यायला वेळ लागतो, आणि नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा तर काही मिनिटं जातात. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. चालू असलेलं ट्रेनिंग तोडून त्यालाच बिघाड समजणारे पुष्कळ आहेत.

एसएमपीएसवरचा आरोप मी उडवून लावत नाही. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, आणि सकाळी अडण्यामागे तेही कारण असू शकतं. पण त्याचा निकाल तर्काने लावायची गरज नाही. बायोस पूर्ण मूळ सेटिंगवर आणा आणि तसाच थंड पीसी सुरू करून पाहा. तिथेही अडला तर ओव्हरक्लॉक सुटला, एसएमपीएसकडे वळा. नाही अडला तर फक्त मेमरी प्रोफाइल चालू करा, प्रोसेसर मूळ वेगालाच राहू द्या. इथे उतावळेपणा नडतो. पाचात एकदा अडणारा पीसी सलग पाच वेळा नीट सुरू होण्याची शक्यता तीनात एक आहे, म्हणजे दोन-तीन दिवस बरं चाललं हा पुरावाच नव्हे. सलग वीस वेळा सुरू झाला, तर तो योगायोग असण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास येते. थंड सुरुवात दिवसाला दोन-तीनदाच मिळते, तेव्हा हे काम आठवडाभराचं आहे.

या मोजणीत दोन गोष्टी फसवतात. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. मेमरीने काल तिच्यात चूक पेरली असेल तर आज तीच चूक उगवते. म्हणून शिफ्ट दाबून शट डाउन करा. दुसरी फसवणूक अधिक शांत आहे. ट्रेनिंग दोन-तीनदा फसलं की काही बोर्ड न सांगता मूळ वेगावर उतरतात, आणि पीसी सुरू झाला म्हणून आपण खूश होतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दर वेळी पाहा. ६०००च्या जागी ४८०० दिसले तर ती सुरुवात नापास धरा.

दोष मेमरीचा ठरला तर आधी नवं बायोस घ्या, मग वेग ५६००वर आणा. मेमरी कंट्रोलरला मिळणारं एसओसी व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण २०२३मध्ये रायझन ७०००चे काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती ओलांडायची वाट शोधू नका. लोगोच्या आधी न अडता विंडोज उघडताना किंवा निवांत बसलेला असताना रीस्टार्ट होणारा पीसी मात्र वेगळी केस आहे. तिथे संशय मेमरीआधी प्रोसेसरच्या कर्व्ह ऑप्टिमायझरवर जातो, कारण हलक्या कामात एकेक कोर सर्वोच्च वेगाला उडी मारतो आणि कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. त्याचा धागा लोडलाइनशी जुळतो, म्हणून दोन्ही पुढच्या आठवड्यात एकत्र घेऊ.