चार नंबरची रीड म्हणजे मोठा वादक? क्लॅरिनेटच्या रीडचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजनं. कामठीचा पोरगा आहे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. म्हणतो, "दादा, मी अडीच नंबरची रीड लावत होतो. सोबतचे म्हणाले, चार लाव, तेव्हा खरा वाजवणारा. आता फुंकून फुंकून ओठ सोलून राहिला, अन् आवाज काही निघत नाही. सीझन तोंडावर आहे. मी कमी पडून राहिलो का?"

नाही रे भाऊ. रीडचा नंबर म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत, तो चपलेच्या साइझसारखा असतो. बसला पाहिजे, एवढंच.

हा प्रश्न कामठीतून यावा, हे छानच. १८२१ पासूनची ही छावणी, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आजही तिथंच आहे. आपल्या लग्नाच्या बँडनं गणवेशापासून वाद्यांपर्यंत बरंच काही लष्करी बँडकडूनच घेतलंय, आणि क्लॅरिनेट त्यातलंच एक.

आता मुद्द्यावर येऊ. रीड म्हणजे बोरूसारख्या एका जाड गवताची पट्टी. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा व्हार हा भाग या गवतासाठी प्रसिद्ध आहे. पट्टीचं टोक तासून जेमतेम ०.१ मिलिमीटर उरतं. फुंकलं की हे टोक माउथपीसवर थरथरतं, आणि तोच आपला आवाज.

मग नंबर कशाचा? बहुतेकांना वाटतं, जाडीचा. तसं नाही! एकाच मॉडेलच्या सगळ्या रीड मशीन एकाच मापानं कापते. नंतर प्रत्येक रीड थोडी वाकवून बघतात. सहज वाकली तर नंबर लहान, अडून बसली तर मोठा. म्हणजे फरक आहे तो त्या गवताच्या कडकपणाचा. नंबर साधारण १.५ पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्यानं वाढत जातात.

इथं एक गोची आहे. सगळ्या कंपन्यांचा नंबर सारखा नसतो. व्हँडोरेनची साधी निळ्या डब्यातली अडीच ही रिकोच्या नारिंगी डब्यातल्या तीनच्या जवळपास लागते. म्हणून ब्रँड बदलताना नुसता नंबर बघून घेऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे कट. रीडच्या तासलेल्या भागामागची साल सरळ रेषेत थोडी काढली, की तिला फाइल्ड म्हणतात. ती पटकन बोलते, हळू वाजवतानाही आवाज लगेच उठतो. साल तशीच ठेवली तर अनफाइल्ड. ती थोडी अडते, पण आवाज भरदार लागतो. रिकोचा नारिंगी डबा अनफाइल्ड, रॉयल फाइल्ड. बुडाची जाडीही बघा. व्हँडोरेनच्या साध्या रीडचं बूड २.८ मिलिमीटर, व्ही-१२ चं ३.१५. व्ही-१२ चा आवाज जास्त गोल आणि भारदस्त, पण तिला दमही तसाच लागतो.

तिसरी गोष्ट माउथपीस. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात फट जास्त असेल, तर मऊ रीड लागते. फट कमी असेल तर कडक चालते. शेजारच्याला चार नंबर शोभतोय, तो कदाचित त्याच्या माउथपीसमुळे.

मग स्वतःचा नंबर ओळखायचा कसा? आवाजात फुसफुस हवा येते, ओठ चावावा लागतो, हळू सूर उठतच नाही, तर रीड कडक आहे. आवाज पिपाणीसारखा पातळ, वरचे सूर उतरलेले, जोरात फुंकलं की आवाजच बंद, तर रीड मऊ आहे. बदल करायचा तो अर्ध्या नंबरानं. अडीचवरून थेट चार म्हणजे तीन पायऱ्या एका उडीत!

नवा डबा घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. रीड केसभर खाली सरकवली तर थोडी मऊ लागते, केसभर वर सरकवली तर कडक.

आणि आपल्याकडचं हवामान विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोरड्या हवेत रीडचं टोक सुकून लाटेसारखं वाकडं होतं. वरातीआधी मिनिटभर पाण्यात भिजवा. काम झालं की माउथपीसवरून काढा, पुसा आणि सपाट डबीत ठेवा. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा. नवी रीड पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटंच वाजवा, थेट वरातीत नेऊ नका.

तर कामठीच्या दोस्ता, वरातीत तासन् तास चालत, उन्हात, ढोल-ताशाच्या गलक्यात वाजवायचं असतं. आधी ओठ बरा होऊ दे. मग परत अडीच लाव. आवाज पातळ वाटला तर तीन बघ, किंवा अडीचमध्येच वेगळा कट. ऐकणाऱ्याला रीडवरचा नंबर दिसत नाही, सूर तेवढा ऐकू येतो. आणि ओठ गेला तर सीझन गेला.

तुमच्या माउथपीसवर कुठली रीड आहे? व्हॉइस मेसेज करा, दोन ओळी वाजवूनही पाठवा. भेटू पुढच्या भागात!