दुचाकीला कारचा टायर? मासे नेणाऱ्यांनी आधी हे वाचा



मोटरसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर लावलेला एक व्हिडिओ सध्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरतोय. "सेक्रेटरी, क्रेट वाहायला हे बरं पडेल काय?" असं दोघा-तिघांनी विचारलं. पहाटे जेटीवरून माल उचलून डिचोली, वाळपई, दोडामार्गपर्यंत दुचाकीवर मासे नेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

हा प्रकार खरा आहे, पण तो अमेरिकेतला. तिथे होंडा गोल्डविंगसारख्या चारशे किलोच्या आसपास वजनाच्या गाड्या घेऊन लोक सरळ हायवेवर हजारो किलोमीटर जातात. त्या गाडीचा मागचा टायर महाग, आणि झिजतोही लवकर. कारचा टायर स्वस्त आणि जास्त टिकतो, म्हणून काही जण तो बसवतात. गोल्डविंगचं मागचं चाक 16 इंची आणि रुंद, त्यामुळे तो बसतो तरी. पण टायर कंपन्या तिथेही याला नकोच म्हणतात.

का नको ते बघा. दुचाकीच्या टायरची पाठ गोल असते. वळणावर गाडी कलते तेव्हा त्या गोलाईमुळे टायर रस्त्याला नीट टेकून राहतो. कारच्या टायरची पाठ सपाट, कारण कार कलत नाही. तो दुचाकीला लावला की वळणावर नुसत्या कडेवर चालतो, गाडी कलायला तयार होत नाही आणि हँडल जोर लावून धरावं लागतं. चोर्ला घाटात, पावसात, मागे दोन क्रेट असताना हे कसं होईल ते तुम्हीच बघा.

दुसरं म्हणजे रिंग. टायरची जी कड रिंगमध्ये बसते तिला गॅरेजवाले बीड म्हणतात. कार आणि दुचाकीच्या रिंगमध्ये ही बैठक वेगळी असते. जबरदस्तीने बसवायला जादा हवा मारावी लागते, आणि त्यात टायर फुटून माणूस जखमी होऊ शकतो.

आपल्या 100-110 सीसी गाड्यांची रिंग 17-18 इंची, पण अरुंद. त्या मापाचे कारचे टायर मोठ्या गाड्यांचे, ते आपल्या गाडीच्या मागच्या फोर्कमध्ये शिरणारच नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकेल तो वेगळाच.

आता आपला खरा प्रश्न. टायर लवकर जातो तो बहुतेक वेळा वजनामुळे आणि कमी हवेमुळे. बऱ्याच 100 सीसी गाड्यांना चालवणारा धरून एकूण 130 किलोच्या आसपास वजन चालतं. माणूस 65 किलो, बर्फासकट 35 किलोचे दोन क्रेट, म्हणजे झाले 135. तिसरा क्रेट चढवला की 170. कुठलाही टायर लावला तरी ब्रेक, शॉक आणि स्पोक तेच राहतात.

त्यापेक्षा हे करा:

• टायरवर 80/100-18 54P असं काही लिहिलेलं असतं. त्यातला 54 म्हणजे तो टायर 212 किलो पेलतो. 52 म्हणजे 200, 57 म्हणजे 230. यात गाडीचं मागच्या चाकावर येणारं वजनही धरायचं. बदलताना माप तेच ठेवा, हा आकडा मूळपेक्षा कमी घेऊ नका.

• हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. एकट्याची हवा आणि डबलसीटची हवा वेगळी असते. माल असेल तर डबलसीटची भरा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल.

• टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नवा म्हणून जुना माल गळ्यात मारून घेऊ नका.

• खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत नक्षी झिजली की टायर बदला. पावसाळा काढू नका.

• क्रेट सीटच्या फार मागे लटकवू नका. पुढचं चाक हलकं होऊन हँडल डगमगतं.

• क्रेटचं पाणी मागच्या चाकावर आणि रस्त्यावर गळू देऊ नका. खाली प्लास्टिक घाला. मागून येणारा त्या चिकट पाण्यावर घसरतो. खाऱ्या पाण्याने रिंग गंजते, म्हणून घरी आलं की गोड्या पाण्याने चाक धुवा.

कारचे जुने टायर फेकू नका. होडीच्या बाजूला बांधायला ते लागतातच, तिथे त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

टायरवरचा आकडा समजत नसेल तर फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाका, किंवा ऑफिसात या, बघून सांगतो. घरातलं कोण दुचाकीवर मासे विकायला जात असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

– सचिव