काकापो : एका निशाचर पोपटाचा निसर्गेतिहास

प्रास्ताविक :
न्यूझीलंडमधील काकापो हा पक्षी पोपटाविषयीच्या आपल्या रूढ कल्पनेस छेद देतो. माओरी भाषेत ‘काका’ म्हणजे पोपट व ‘पो’ म्हणजे रात्र. हा पक्षी निशाचर असून त्यास उडता येत नाही. नराचे वजन ४ किलोपर्यंत भरू शकते. वजनाने हा जगातील सर्वांत मोठा पोपट होय. तो विनाशाच्या उंबरठ्यावर का आला आणि त्याच्या रक्षणात जीवनक्रमाच्या अभ्यासाचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवनक्रम :
रिमू वृक्षास भरपूर फळे धरतात तेव्हाच, म्हणजे साधारणतः दोन ते चार वर्षांतून एकदा, काकापोची वीण होते. नर जमिनीत वाटीसारखा खळगा करून त्यात बसतो व छाती फुगवून घुमणारा आवाज काढतो. हा आवाज काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो. अंडी उबविणे व पिलांचे संगोपन मादी एकटीच करते. त्यासाठी रात्री घरटे सोडून तिला अन्नशोधार्थ जावे लागते.

ऱ्हासाची कारणे :
वटवाघळे वगळता न्यूझीलंडमध्ये मूळचे भूचर सस्तन प्राणी नव्हते. शत्रू होते ते नजरेने भक्ष्य हेरणारे शिकारी पक्षी. त्यांच्यापासून बचावासाठी शेवाळी हिरवा रंग व निश्चल राहण्याची सवय पुरेशी होती. मानवासोबत उंदीर, कुत्रे, मांजरे व पुढे मुंगसासारखा चपळ स्टोट आला. हे प्राणी वासावरून माग काढतात. काकापोच्या अंगास तीव्र गंध असल्याने निश्चल राहणे हेच त्याच्या मृत्यूचे कारण ठरले.

संवर्धन :
१८९४ पासून रिचर्ड हेन्री यांनी रिझोल्यूशन बेटावर काकापो हलविले. परंतु १९०० मध्ये तेथे स्टोट पोहोचला व हा प्रयत्न फसला. १९७७ मध्ये स्ट्युअर्ट बेटावर काकापोंची वस्ती आढळली. तेथेही मांजरांचा उपद्रव असल्याने पक्षी सुरक्षित बेटांवर नेण्यात आले. १९९५ मध्ये केवळ ५१ पक्षी ज्ञात होते.

वीण वाढावी म्हणून माद्यांना पूरक आहार दिला गेला. तथापि पुष्ट माद्यांना नर पिलेच अधिक होऊ लागली. या जातीत मोजक्या बलवान नरांनाच बहुतेक माद्या लाभतात. त्यामुळे सुदृढ मातेस पुत्र अधिक लाभदायक ठरतो, हे उत्क्रांतीविषयक स्पष्टीकरण ध्यानात घेऊन वजनानुसार आहार नियंत्रित करण्यात आला. २००२ च्या हंगामात २४ पिले वाढली व त्यांत माद्यांची संख्या अधिक होती. २०२२ मध्ये एकूण संख्या २५० वर गेली.

निष्कर्ष :
केवळ सद्भावनेने दिलेला आहारही दुर्मीळ जातीस बाधक ठरू शकतो. म्हणून जीवनक्रमाचा सूक्ष्म अभ्यास ही संवर्धनाची पूर्वअट होय.