बत्तीस बाइटांनी चकवलं

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून बायोप्सीचे रिपोर्ट गिरगावच्या सर्व्हरवर जायचे. नुसता मजकूर असला की रिपोर्ट झटकन पोचे. स्लाइडचे फोटो जोडले की क्लायंट 60 सेकंद ताटकळे आणि टाइमआउट देऊन मोकळा होई. बाहेर बाकावर गावाहून आलेले नातेवाईक बसलेले. त्यांच्या पेशंटचा पुढचा उपचार त्या फोटोंवर अडलेला.

टाइमआउट 300 सेकंदांवर नेला. पाच मिनिटांनी तोच निरोप! संथ चाललेलं काम वेळ दिला की कधीतरी पुरं होतं. हे होतच नव्हतं. नेटवर्कवाले म्हणत, “मॅडम, पिंग मिळतोय, लाइन ठणठणीत आहे.” सर्व्हरवाले लॉग दाखवत : रिक्वेस्ट पूर्ण आलेलीच नाही. दोघंही खरंच बोलत होते.

शेवटी दोन्ही टोकांना पॅकेटं टिपणारं वायरशार्क लावलं. हँडशेकची छोटी पॅकेटं सुखरूप पोचत होती. 1500 बाइटांचं भरलेलं पॅकेट परळहून निघे, गिरगावला त्याचा पत्ताच नसे. तेच पॅकेट पुन्हा जाई, मग दुप्पट थांबून पुन्हा.

आणि एकदम लक्षात आलं : विंडोजचा साधा पिंग जेमतेम 32 बाइट डेटा पाठवतो! तुकडे करायची मनाई घालून 1472 बाइटांचा पिंग सोडला. उत्तर नाही. आकडा उतरवत गेले. 1373 गेला नाही, 1372 गेला. हेडरचे 28 मिळवले की बरोबर 1400. लाइनवरच्या टनेलने आपल्या हेडरसाठी उरलेली जागा खाल्ली होती.

‘मावत नाही, लहान पाठव’ हे राउटरने आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप्या प्रोटोकॉलमधून कळवायचं, ही सोय 1990 च्या आरएफसी 1191 मध्ये आहे. राउटर कळवतही होता. पण लॅबच्या फायरवॉलवर कुणीतरी सुरक्षेसाठी पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलं होतं. 2000 सालच्या आरएफसी 2923 ने हा दोष ‘ब्लॅक होल’ या नावाने नोंदवला आहे. तरीही फायरवॉलचा असा नियम आजही सर्रास लिहिला जातो, याची मला चीड येते.

त्या रात्री राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, 1360 ला बांधला आणि अडकलेले रिपोर्ट भराभर सुटले. सकाळी फायरवॉलमध्ये टाइप 3, कोड 4 ला, म्हणजे त्याच ‘मावत नाही’च्या निरोपाला, वाट करून दिली. 1472 चा पिंग पुन्हा सोडला. या वेळी स्क्रीनवर स्पष्ट एरर आला : पॅकेटचे तुकडे करावे लागतील. तोच एरर आम्हाला हवा होता.