किंमत आणि मूल्य : जुन्या क्रीडामोटारींचे एक उदाहरण

'किंमत' व 'मूल्य' हे शब्द व्यवहारात समानार्थी मानले जातात. जुन्या क्रीडामोटारींच्या संदर्भात मात्र त्यांतील भेद स्पष्ट होतो. 'फेरारी २५० जीटीओ' हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९६२ ते १९६४ या काळात अशा अवघ्या ३६ मोटारी तयार झाल्या. अमेरिकेत नव्या मोटारीस सुमारे १८,००० डॉलर पडत. चालकामागे इंजिन असलेल्या मोटारींपुढे ती शर्यतीत मागे पडली आणि दशकाच्या अखेरीस स्वस्तात विकली जाऊ लागली. २०१८ साली एका जीटीओस लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. दुर्मिळता, शर्यतींतील इतिहास व मूळ भागांची अस्सलता ही या वाढीची प्रमुख कारणे. तात्पर्य, उपयुक्तता सरताच किंमत घटते. मूल्य स्मृतीच्या आधारे टिकते, आणि कालांतराने किंमतही त्याच्या मागोमाग चढते.